गिरिप्रवाहांतील कीटक : नव्या जातींचा शोध व वर्णन

डोंगरउतारावरून वेगाने वाहणारे ओढे, झरे, धबधबे व नद्यांचे उगमाकडील भाग यांना गिरिप्रवाह म्हणतात. या प्रवाहांतील पाणी थंड व उथळ असते. ते दगडांवर आपटत वाहत असल्यामुळे त्यात ऑक्सिजन भरपूर विरघळलेला असतो. अशा पाण्यात आयुष्याचा काही भाग किंवा सर्व आयुष्य घालविणाऱ्या कीटकांमध्ये एफेमेरॉप्टेरा, प्लेकॉप्टेरा, ट्रायकॉप्टेरा व ओडोनेटा या गणांतील कीटक प्रमुख असून काही भुंगेरे, ढेकणांच्या गणातील पाणकीटक व माश्या-डासांच्या गणातील अनेक प्रकारही येथे आढळतात. वाहत्या पाण्याबरोबर ओढले जाऊ नये यासाठी त्यांच्या शरीरात निरनिराळी अनुयोजने (परिस्थितीशी जुळवून घेणारे बदल) झालेली आहेत. काहींचे शरीर चपटे असून ते दगडाच्या खालच्या बाजूस चिकटून राहतात; काहींच्या पायांना बळकट आकड्या असतात; ट्रायकॉप्टेरा गणातील अनेक कीटक वाळूचे कण व काड्या रेशमासारख्या धाग्याने जोडून स्वतःभोवती कोश तयार करतात.

या प्राण्यांना लांबच्या प्रवासाची सोय थोडी असते. प्रौढाला पंख असले, तरी पुष्कळ जाती आपल्या ओढ्याच्या सावलीबाहेर फारशा जात नाहीत. दोन ओढ्यांमध्ये कोरडे पठार, उघडा माळ किंवा रुंद खिंड असेल, तर दोन्हीकडील कीटकसमूह दीर्घ काळ एकमेकांपासून अलग राहतात व त्यांच्यात हळूहळू भेद निर्माण होतात. सह्याद्रीच्या रांगेत अल्प क्षेत्रापुरत्या मर्यादित असलेल्या जाती इतक्या संख्येने का आढळतात, याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे. यामुळेच येथील ओढ्यांतून विज्ञानाला अज्ञात असलेल्या जाती आजही उजेडात येत आहेत.

नवी जाती म्हणजे काय? : ‘नवी जाती सापडली’ या वाक्याने बहुधा चुकीचे चित्र उभे राहते. एखादा प्रवासी ओढ्याकाठी जातो, पूर्वी कोणीही न पाहिलेला कीटक त्याच्या जाळ्यात येतो व त्याच क्षणी शोध लागतो, अशी कल्पना असते. प्रत्यक्षात तो कीटक गुराख्यांनी, पाणी भरणाऱ्यांनी व पर्यटकांनी शेकडो वेळा पाहिलेला असतो. पुष्कळदा तो निसर्गाभ्यासकांनीही पाहिलेला असतो, परंतु दुसऱ्याच एखाद्या जातीच्या नावाखाली त्याची नोंद झालेली असते. विज्ञानाच्या दृष्टीने जाती नवी ठरते ती ओढ्यावर नव्हे, तर अभ्यासिकेत. तिच्या जवळच्या सर्व ज्ञात जातींशी तुलना करून ती त्यांपैकी कोणतीही नाही हे दाखविल्यावर, तिचे वर्णन प्रसिद्ध झाल्यावर आणि नाव एका विशिष्ट नमुन्याशी कायमचे जोडले गेल्यावर. जीव त्याआधीही अस्तित्वात असतोच. परंतु त्याच्याविषयी काही निश्चित बोलण्याचे साधन नसते.

संग्राहक व वर्णनकर्ता हे अनेकदा वेगळे असतात. सातारा भागातील सह्याद्रीच्या प्रवाहांमध्ये गोड्या पाण्यातील एक छोटा जेलीफिश शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना आढळला. त्याचे लिम्नोक्निडा इंडिका या नावाने वर्णन १९११ मध्ये नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी केले. अ‍ॅनन्डेल हे कलकत्त्याच्या इंडियन म्यूझीयमचे प्रमुख व पुढे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक होत. हा प्राणी कीटक नव्हे. परंतु साताऱ्याच्या डोंगरांतील वाहत्या पाण्याकडे प्राणिशास्त्रज्ञांचे लक्ष किती पूर्वी वेधले गेले होते, हे त्यावरून कळते. आघारकरांचा लौकिक पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून झाला व पुण्यातील एक संशोधन संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

ठोसेघरची टाचणी : सातारा शहराच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या माथ्याजवळ ठोसेघर हे गाव असून तेथील धबधब्यामुळे ते प्रसिद्ध आहे. पुण्यातील स्वारगेट बसस्थानकावरून निघणारा साताऱ्याचा रस्ता कात्रज व खंबाटकी हे डोंगर ओलांडून सुमारे ११० किमी. अंतरावर साताऱ्यास पोहोचतो आणि तेथून घाटमाथ्याकडे वळणाऱ्या रस्त्याने ठोसेघर गाठता येते. पुण्यामुंबईकडील पर्यटकांची येथे पावसाळ्यात गर्दी होते. अशा वर्दळीच्या ठिकाणच्या ओढ्यावर असलेल्या एका टाचणीचे नवी जाती म्हणून वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे नाव यूफीया थोसेघरेन्सिस असे आहे.

टाचण्या व चतुर यांचा समावेश ओडोनेटा गणात होतो [⟶ चतुर]. या गणाच्या जगात सुमारे ६,४०० व भारतात सुमारे ५०० जाती ज्ञात आहेत. बसताना पंख बहुधा आडवे पसरून ठेवणारे, दणकट बांध्याचे ते चतुर आणि सडपातळ, बहुधा पंख पाठीवर मिटून बसणाऱ्या त्या टाचण्या, असा स्थूल भेद करता येतो. यूफीया वंश टाचण्यांच्या यूफीइडी कुलातील आहे. या कुलातील डिंभ (अंड्यातून बाहेर पडल्यापासून पंख फुटेपर्यंतची पाण्यात राहणारी अवस्था) चपटे असून खळाळत्या पाण्यात दगडांना धरून राहतात. टाचण्यांच्या डिंभांना सामान्यतः उदराच्या टोकाशी तीन क्लोम (पाण्यातील ऑक्सिजन घेणारी अंगे, कल्ले) असतात. यूफीइडी कुलात त्यांखेरीज उदराच्या दुसऱ्या ते आठव्या खंडांच्या दोन्ही बाजूंना क्लोमांच्या सात जोड्या असतात. भारतातील ओडोनेटा गणात ही रचना लक्षणीय आहे आणि एवढ्या खुणेवरून डिंभाचे कुल सहज ओळखता येते. जाती मात्र ओळखता येत नाही. प्रौढ नर प्रवाहातील खडकावर किंवा पाण्यावर झुकलेल्या काटकीवर बसून आपल्या हद्दीचे रक्षण करतात. मादी पाण्यात बुडालेल्या मुळ्या, लाकूड यांच्या ऊतकांत (समान कोशिकांच्या समूहांत) अंडी घालते.

पश्चिम घाटातून या वंशाच्या तीन जाती २०२१ पूर्वी ज्ञात होत्या : यूफीया डिस्पार, यूफीया फ्रेझेरी व यूफीया कार्डिनॅलिस. तिन्हींच्या नरांत पुढचे पंख पारदर्शक व मागच्या पंखांचे टोक काळे असते. मागील पंखावरील काळ्या भागाचा विस्तार, पायांचा रंग, वक्षावरील (छातीवरील) पट्टे आणि नराच्या जननेंद्रियाची रचना यांवरून त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखल्या जातात. ठोसेघरच्या टाचणीचे सर्वांत अधिक साम्य यूफीया कार्डिनॅलिसशी आहे, आणि येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. कार्डिनॅलिस ही पालघाट खिंडीच्या दक्षिणेकडील डोंगरांत राहणारी जाती आहे. पालघाट खिंड ही पश्चिम घाटाच्या रांगेतील ३० ते ४० किमी. रुंदीची सखल फट असून थंड, सावलीतील प्रवाहांवर जगणाऱ्या अनेक प्राण्यांच्या बाबतीत ती दुर्लंघ्य सीमा ठरली आहे. ठोसेघर या खिंडीच्या उत्तरेस ७०० किमी.पेक्षाही अधिक अंतरावर आहे. इतक्या दूर तीच जाती कशी आली, असा प्रश्न पडला की दोन शक्यता उरतात : एक तर त्या जातीच्या प्रसाराविषयीचे ज्ञान अपुरे आहे, किंवा उत्तरेकडील प्राणी वेगळाच आहे. कोणती शक्यता खरी, हे केवळ छायाचित्रे पाहून सांगता येत नाही. नमुने हातात घेऊन, एकेक लक्षण दक्षिणेकडील नमुन्यांशी पडताळून पाहिल्यावरच निर्णय करता येतो.

श्रीराम भाकरे, विनयन नायर, प्रतिमा पवार, सुनील भोईटे व कलेश सदाशिवन या पाच संशोधकांचा लेख जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ठोसेघरच्या जातीबरोबर यूफीया स्यूडोडिस्पार या दुसऱ्या जातीचेही वर्णन आहे; डिस्पारसारखी दिसणारी पण डिस्पार नसलेली, असा त्या नावाचाच अर्थ. दोन्ही नावे पाहिली, तर ज्ञात जातीशी असलेल्या फसव्या साम्यातून नव्या जाती कशा वेगळ्या काढाव्या लागतात, हे लक्षात येते. सह्याद्रीच्या उत्तर भागात पाऊस चार महिन्यांत एकवटलेला असतो व पुष्कळ ओढे उन्हाळ्यात आटतात, त्यामुळे दक्षिणेच्या तुलनेने हा भाग गिरिप्रवाही कीटकांच्या दृष्टीने निर्धन मानला जात असे. या समजुतीला अभ्यासाच्या अभावाचाही हातभार लागला होता, असे आता म्हणावे लागते.

संग्रहण : प्रौढ कीटक जाळ्याने पकडतात. डिंभ मिळविण्यासाठी प्रवाहात जाळी धरून तिच्या वरच्या अंगाचे दगड हाताने किंवा पायाने चाळवतात. निसटलेले प्राणी पाण्याबरोबर जाळीत येतात. खडकांना चिकटून राहिलेल्या काती (शेवटच्या निर्मोचनाच्या वेळी टाकलेले आवरण) गोळा करणे हेही उपयुक्त असते, कारण त्यासाठी एकही प्राणी मारावा लागत नाही. डिंभ व प्रौढ एकाच जातीचे आहेत हे सिद्ध करण्याचा जुना व खात्रीचा मार्ग म्हणजे डिंभ पाळून त्यातून प्रौढ बाहेर येईपर्यंत वाट पाहणे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर हे काम सोपे नसते. ओढ्याला लोंढा येतो, जाळी वाहून जाते, धुक्यात टाचण्या उडत नाहीत, आणि ऊन पडलेला एखादा तास हाच काय तो कामाचा वेळ.

टाचणीचे रंग मरणानंतर लवकर काळवंडतात. शरीरातील मेद व पाणी निघून जाऊन रंग टिकावेत म्हणून नमुना काही तास अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून मग सुकवितात व कागदाच्या पाकिटात ठेवतात. डिंभ आणि आनुवंशिक परीक्षणासाठीचे भाग अल्कोहॉलमध्ये ठेवले जातात. नमुन्यासोबतची चिठ्ठी ही नमुन्याइतकीच मोलाची असते. तिच्यावर ठिकाण, अक्षांश व रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख व संग्राहकाचे नाव असलेच पाहिजे. चिठ्ठी हरवलेला सुंदर नमुना शोभेच्या वस्तूपेक्षा अधिक कामाचा नसतो.

संग्रहणाला कायद्याची चौकट आहे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून नमुने घेण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये परवानगी लागते. जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील एकोणचाळिसाव्या कलमानुसार नव्या जातीचा शोध लावणाऱ्याने त्याची माहिती यासाठी नेमलेल्या संस्थेस देऊन नमुने तेथे जमा करावयाचे असतात. प्राण्यांच्या बाबतीत भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षण ही अशी संस्था असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डी येथे आहे. एकेकाळी येथील नमुने परदेशी जात व त्यांचा अभ्यास करण्यासाठी येथील संशोधकाला परदेशी जावे लागे. त्या अनुभवाची पार्श्वभूमी या तरतुदीला आहे.

तुलना : नव्या जातीच्या वर्णनातील सर्वांत अवघड व सर्वांत कमी दिसणारे काम हे आहे. भारतीय ओडोनेटाच्या अभ्यासाचा पाया फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर यांनी घातला. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील या शल्यचिकित्सकाने नोकरीच्या निमित्ताने दक्षिण भारत व पश्चिम घाट पिंजून काढला आणि फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या मालेत चतुर व टाचण्यांवरील तीन खंड १९३३, १९३४ व १९३६ मध्ये लिहिले. हे खंड आजही चाळावे लागतात. परंतु फ्रेझर यांच्या वर्णनांत त्या काळच्या मानाने जे पुरेसे होते, ते आज अनेकदा अपुरे पडते. ‘मागील पंखाचे टोक काळे’ एवढ्यावरून तेव्हा काम भागत असे. कारण तुलनेला तीनच जाती होत्या. चौथी, पाचवी समोर आली की काळा भाग नेमका कोठून सुरू होतो, किती शिरा व्यापतो, हे पाहावे लागते आणि त्यासाठी मूळ नमुना गाठावा लागतो. फ्रेझर यांच्या संग्रहाचा मोठा भाग लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझीयममध्ये आहे. सह्याद्रीतील टाचणीची ओळख पटविण्यासाठी टेम्स नदीकाठच्या कपाटातील नमुना पाहण्याची वेळ येते, ती अशी.

तुलनेत फसगतीच्या जागा अनेक असतात. नुकताच पंख फुटलेला कीटक फिकट असतो व पूर्ण रंग येण्यास काही दिवस लागतात. म्हातारपणी काहींच्या अंगावर पांढरट भुकटीसारखा थर चढतो. नर व मादी भिन्न रंगांचे असतात. एकाच जातीतही उंचीनुसार आकारमान बदलते. या भेदांना जातिभेद समजून पूर्वी कित्येक अनावश्यक नावे देण्यात आली व ती पुढे समानार्थी म्हणून रद्द करावी लागली. म्हणून रंगापेक्षा रचनेवर भर दिला जातो. ओडोनेटा गणातील नराचे मैथुनांग उदराच्या दुसऱ्या खंडाखाली असते व मादीला पकडण्याचे चिमटे उदराच्या टोकाशी असतात. हे चिमटे टाचण्यांमध्ये मादीच्या अग्रवक्षावर (वक्षाच्या पहिल्या खंडावर) बसतात. दोन्ही अंगांचा आकार जातीगणिक ठराविक असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे निरीक्षण करून, सर्व बाजूंनी आकृत्या काढल्या जातात. आकृती काढणारा हात जे पाहतो ते छायाचित्रकाच्या भिंगातून सुटते, असा जुन्या वर्गीकरणविज्ञांचा दावा होता. तो आजही सर्वस्वी चुकीचा नाही.

अलीकडे डीएनएचा आधार घेतला जातो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचविल्याप्रमाणे कलकणूतील (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या अंगकातील) एका जीनच्या सुमारे ६५० एककांचा क्रम जातीची ओळखखूण म्हणून वापरतात. या पद्धतीने डिंभ व प्रौढ यांची जोडी चटकन लावता येते आणि दिसायला सारख्या जाती अलग पडतात. मात्र किती टक्के फरक म्हणजे वेगळी जाती, याचे सार्वत्रिक उत्तर नाही. एका जीनवरून काढलेला निष्कर्ष रचना, वर्तन व प्रसार यांच्याशी जुळतो की नाही हे पाहिल्यावाचून नाव देणे घाईचे ठरते. शिवाय जुने, शतकापूर्वीचे मूळ नमुने डीएनएच्या दृष्टीने बहुधा खराब झालेले असतात. तेथे पुन्हा रचनेकडेच यावे लागते.

वर्णन व नाव : प्राण्यांची नावे आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार ठरतात. कार्ल लिनीअस यांच्या सिस्टीमा नॅचुरी या ग्रंथाच्या १७५८ मधील दहाव्या आवृत्तीपासून या नामकरणाचा आरंभ मानतात आणि एकाच प्राण्यास दोन नावे मिळाल्यास सामान्यतः आधीचे ग्राह्य धरतात. संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून अंमलात आहे. तीनुसार नव्या जातीचे वर्णन करताना, ती इतरांपासून कशी वेगळी आहे हे सांगावे लागते. ती नवी असल्याचे स्पष्ट म्हणावे लागते. आणि नाव ज्या नमुन्यावर आधारलेले आहे तो निश्चित करून कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे नोंदवावे लागते. २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध झालेले लेखही, झूबँक या नोंदवहीत त्यांची पूर्वनोंद असल्यास, ग्राह्य मानले जातात.

ज्या एका नमुन्याशी नाव जखडलेले असते त्याला होलोटाइप म्हणतात. वर्णनासाठी वापरलेले त्याच जातीचे इतर नमुने ते पॅराटाइप. होलोटाइप हा जातीचा ‘आदर्श’ प्रतिनिधी असतो, असा गैरसमज आढळतो. तो आदर्श असण्याची गरज नाही. एखादा पाय तुटलेला, सरासरीपेक्षा लहान असा नमुनाही होलोटाइप असू शकतो. त्याचे काम मोजमापातील प्रमाण वजनासारखे असते. पुढे कोणी दाखवून दिले की, एका नावाखाली वास्तविक दोन जाती मिसळलेल्या होत्या, तर जुने नाव कोणाकडे राहील याचा निर्णय होलोटाइप ज्या जातीचा आहे त्यावरून होतो. मतभेद कितीही झाले, तरी नावाची गाठ सुटत नाही.

नावाच्या रचनेतूनही पुष्कळ माहिती मिळते. यूफीया डिस्पार रॅम्बुर, १८४२ असे लिहिताना लेखकाचे नाव मोकळे ठेवतात, कारण रॅम्बुर यांनी ही जाती याच वंशात वर्णिली होती. यूफीया कार्डिनॅलिस (फ्रेझर, १९२४) यातील कंस सांगतो की, फ्रेझर यांनी ती मुळात दुसऱ्या वंशात ठेवली होती. यूफीया फ्रेझेरी (लेडलॉ, १९२०) हे नाव लेडलॉ यांनी फ्रेझर यांच्या गौरवार्थ दिले. जातीला स्वतःचे नाव न देण्याचा संकेत आहे. तो संहितेत बंधनकारक नसला, तरी सहसा कोणी मोडीत नाही. ठोसेघरच्या जातीचे लेखक म्हणून मात्र पाचांपैकी सदाशिवन व भाकरे या दोघांचीच नावे येतात. लेखाचे लेखक व नावाचे लेखक वेगळे असण्यास संहितेची हरकत नाही.

‘–एन्सिस’ या लॅटिन प्रत्ययाचा अर्थ ‘त्या ठिकाणचा’ असा असून अलीकडे सह्याद्रीतील बऱ्याच नावांत तो दिसतो. गोव्यातील इडिऑनिक्स गोमंतकेन्सिस (२०१३) आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीजवळच्या चौकुळ गावावरून नाव मिळालेला बर्मागोम्फस चौकुलेन्सिस (२०२२) हे दोन्ही चतुर याची उदाहरणे होत. गावाचे नाव जगातील प्रत्येक संग्रहालयाच्या सूचीत जाते याचे गावकऱ्यांना अप्रूप वाटते व ते स्वाभाविक आहे. काही नावांत वर्णनकर्त्यांची चिंताही उमटते. पुण्यातील एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटीतील पंकज कोपर्डे व त्यांचे सहकारी यांनी २०२३ मध्ये केरळातील एका टाचणीस प्रोटोस्टिक्टा आर्मगेडोनिया असे नाव दिले. आर्मगेडन म्हणजे ख्रिस्ती परंपरेतील अंतिम संग्रामाची भूमी. जगभर कीटकांची संख्या झपाट्याने घटत असल्याची जी चर्चा चालू आहे तिला उद्देशून हा शब्द योजलेला आहे.

विलंब व त्याचे परिणाम : नमुना संग्रहात आल्यापासून त्याचे नवी जाती म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात आढळले. टाचण्या व चतुर मोठे, रंगीत व लोकांना आवडणारे असल्यामुळे त्यांना अभ्यासक मिळतात. ट्रायकॉप्टेरा किंवा एफेमेरॉप्टेरा गणांतील बारीक, तपकिरी कीटकांकडे वळणारे थोडे, आणि ते निवृत्त झाले की त्यांचे काम पुढे नेणारे त्याहून थोडे. वर्णनाचा लेख लिहिण्यास वर्षानुवर्षे लागतात, तो वाचणारे जगात पाचपन्नास असतात व अशा कामास विद्यापीठीय बढत्यांच्या हिशोबात फारसे वजन मिळत नाही. वर्गीकरणविज्ञांची संख्या घटण्याचे हे एक उघड कारण आहे.

नावाअभावी होणारे नुकसान व्यावहारिक आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने पश्चिम घाटातील गोड्या पाण्यातील मासे, मृदुकाय प्राणी, ओडोनेटा व जलवनस्पती यांच्या जातींना असलेल्या धोक्याचे मूल्यमापन २०११ मध्ये प्रसिद्ध केले. ठोसेघरची टाचणी त्या वेळीही त्याच ओढ्यावर उडत होती. परंतु तिला नाव मिळण्यास अद्याप दहा वर्षे होती, त्यामुळे त्या यादीत ती असणे शक्यच नव्हते. धरण, रस्ता, खाण किंवा पर्यटनस्थळाचा विकास यांचा परिणाम अजमावताना तज्ज्ञ जातींची यादी पाहतात. यादीत नसलेल्या जीवाची बाजू कोणी मांडू शकत नाही.

गिरिप्रवाहाचे रूप किती बदलू शकते याचे उदाहरण पुणे शहरातच आहे. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांत उगम पावतो आणि पर्वतीच्या परिसरातून, स्वारगेटच्या पश्चिमेकडून वाहत मुठा नदीला मिळतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले; त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. विसाव्या शतकात शहर कात्रजपर्यंत पसरले. ओढ्याच्या दोन्ही काठांवर वस्ती झाली, पात्र भिंतींत आवळले गेले व त्यात सांडपाणी येऊ लागले. सप्टेंबर २०१९ मधील पुराने काठावरील वस्त्यांत हाहाकार उडाला तेव्हा हे पाणी डोंगरावरून येते याची अनेक पुणेकरांना नव्याने जाणीव झाली. ऑक्सिजन कमी असलेल्या अशा पाण्यात गिरिप्रवाही कीटकांचे क्लोम काम देत नाहीत. गढूळ व कुजक्या पाण्यात तग धरणाऱ्या डासांच्या व तत्सम माश्यांच्या अळ्या तेवढ्या वाढतात. पाण्यात कोणते कीटक आहेत यावरून पाण्याचा दर्जा ठरविण्याच्या पद्धती याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

होलोटाइप जेथे मिळाला त्या ठिकाणास प्रारूपस्थान म्हणतात आणि त्याला संहितेत विशेष महत्त्व आहे. संग्रहालयातील नमुने कायम टिकतातच असे नाही. बुरशी, कसर, आग व युद्ध यांत होलोटाइप नष्ट झाल्याची उदाहरणे अनेक आहेत. दुसऱ्या महायुद्धात यूरोपातील काही संग्रहांची मोठी हानी झाली. अशा वेळी जातीच्या ओळखीविषयी वाद असेल, तर निओटाइप म्हणून नवा नमुना निवडता येतो. मात्र तो शक्य तितका मूळ प्रारूपस्थानाजवळचा असावा, अशी संहितेची अट आहे. यूफीया थोसेघरेन्सिसच्या बाबतीत ते प्रारूपस्थान म्हणजे ठोसेघरचा ओढा होय.